नाकासमोरचा बाण

"बाबा, आपण बेटाकडे चाललोच नाही आहोत."

"बाण बघ. अगदी नाकासमोर आहे," बाबा मान न वळवता म्हणाले.

बाण नाकासमोर होता, हे खरंच. पण ओहोटी आम्हाला बाजूने खुल्या समुद्राकडे ओढत होती. आम्ही थोडे सरकलो की जीपीएसवरचा बाण थोडा वळायचा, आणि बाबा इमानेइतबारे कयाकचं तोंड पुन्हा त्याच्याकडे करायचे. आम्ही बेटावर न्यायला घेतलेले पाच-सहा पर्यटक आपापल्या कयाकमधून मुकाट मागे येत होते.

मला शिसारी आली. याच माणसाने जीपीएसवाल्यांची जन्मभर टर उडवली होती. बेटावरची पाण्याची टाकी आणि तिच्यामागचा मनोरा एका रेषेत ठेवायचे, फाकले की समजायचं वाहत चाललोय, हे मला त्यांनीच शिकवलं. आणि गेल्या हंगामापासून हे डबडं गळ्यात बांधून मिरवत होते.

"यंत्र कधी चुकत नाही हो," पर्यटकांमधला विमा एजंट म्हणाला. बाबा त्याच्याकडे बघून गोड हसले. ते हसणंही मला बघवेना.

मी जोर लावून पुढे गेले आणि माझी कयाक त्यांच्या कयाकला भिडवली.

"खालचे आकडे वाचा," मी हळू आवाजात म्हटलं. "बेट कुठल्या दिशेला आहे आणि आपण कुठे सरकतोय ते."

"तूच वाच."

पडद्यावर बाण बोटाएवढा जाड होता. आकडे मात्र मुंगीएवढे.

"टाकी दिसते का तुम्हाला?"

त्यांनी बेटाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"बाबा, मनोरा तरी?"

"डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाही," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "आईला सांगू नकोस. हे काम सुटलं तर मी दिवसभर घरात करू काय?"

वाईट वाटायला हवं होतं. मला संतापच आला.

"एवढी माणसं भरवशावर मागे येतायत आणि तुम्ही त्यांना बाण दाखवताय? किळस येते मला."

मी बोलून गेले. त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"तू पुढे हो," मग ते म्हणाले.

मी टाकी आणि मनोरा जुळवले, कयाकचं तोंड प्रवाहाच्या अंगाला चांगलं तिरकं धरलं आणि सगळ्यांना मागे यायला सांगितलं. ओहोटीला जोर होता. खांदे भरून आले, तेव्हा कुठे बेट हळूहळू जवळ यायला लागलं.

मागे पाहिलं. बाबा सगळ्यांच्या शेवटी होते. सकाळीच वल्हं धरायला शिकलेला तो एजंट त्यांच्यासाठी थांबला होता.

"दमलात वाटतं, काका. माझ्या पाठोपाठ या."

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्याच्या नारिंगी जॅकेटवर नजर लावून त्याच्या मागोमाग वल्हवत राहिले.