एक टोला

दुकानदाराने पाचव्या प्लेअरची वायर काढून सहाव्याला जोडली, तेव्हा तिने चपला काढून स्टुलाखाली सरकवल्या. दिवसभर औषधांच्या दुकानात उभं राहून पायांचे तुकडे पडले होते, आणि इथे नवऱ्याचं काही संपत नव्हतं.

“काका, हा सगळ्या डिस्क वाजवतो. गाण्याच्या, सिनेमाच्या, जुन्या, नव्या,” दुकानदार म्हणाला. “याच्यापुढे काही नाही.”

“वाजवणं वेगळं आणि ऐकवणं वेगळं,” नवरा म्हणाला.

हे वाक्य ऐकून ऐकून तिचं डोकं पिकलं होतं. धडधाकट चालणारा जुना प्लेअर ‘आवाज खायला लागला’ म्हणून त्याने देऊन टाकला. तेव्हापासून घरातले स्पीकर मुके, टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग, आणि जेवताना तोंडी लावायला हाच विषय. शहरातली सगळी दुकानं पालथी घालून झाली. आज सकाळी तर माहितीपत्रकात असा बुडाला होता, की दारावरची बेल वाजवून वाजवून दूधवाला निघून गेला. “कान आहेत की भोकं?” असं ती ओरडली होती. आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून ती सोबत आली होती.

सगळं घोडं अडलं होतं एका टोल्यापाशी. तिचा नवरा पोटापाण्यासाठी इमारतींचे नकाशे काढायचा, पण तरुणपणी एका हौशी वाद्यवृंदात ट्रँगल नावाचा लोखंडी त्रिकोण वाजवायला बसायचा. त्या वाद्यवृंदाचं एकच ध्वनिमुद्रण झालं. त्यात शेवटी सगळी वाद्यं एकेक करून थांबतात आणि त्या शांततेत याचा एक बारीक टोला पडतो. एकच. लग्नानंतर तिने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती दचकली होती. अजूनही त्या जागी तिच्या पापण्या फडफडायच्या, आणि साहेबांची छाती फुगायची.

“एवढ्या एका टोल्यासाठी वाद्यवृंदाचा सूट शिवलात?” ती दर वेळी चिडवायची.

त्याच ध्वनिमुद्रणाची डिस्क घेऊन ट्रे आत गेला. वाद्यं वाजू लागली, मग एकेक थांबली. नवऱ्याने बोट वर उचललं आणि नेमक्या जागी खाली आणलं. टोला पडला. काचेसारखा स्वच्छ. तिच्या पापण्या फडफडल्या.

नवरा मात्र बोट तसंच धरून बसला होता, अजून काही यायचं असल्यासारखा.

“खाल्ला,” तो वैतागून म्हणाला. “हाही खातो! कसली यंत्रं बनवतात हे लोक!”

तिला वाटलं, थट्टा करतोय. तिने दुकानदाराकडे पाहिलं. तो मान खाली घालून वायरची गुंडाळी करत होता, मघापासून करत असावा. सकाळचं आपलंच बोलणं तिला आठवलं आणि तोंड कडू झालं.

“याच्यात आला,” ती म्हणाली. “मला आला.”

नवऱ्याने वळून पाहिलं. “आला?”

“आला की. चांगला खणखणीत.”

“परत लावा हो जरा,” तो दुकानदाराला म्हणाला.

या वेळी त्याने खुर्ची फिरवली. स्पीकरकडे पाठ केली आणि तिच्याकडे पाहत बसला. तिला खाली बघावंसं वाटलं, पण जमेना. वाद्यं थांबत गेली. त्याचं बोट उचललं गेलं, खाली आलं. पापण्या आवरायचा तिने प्रयत्न केला. त्या फडफडल्याच.

तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

“हाच द्या बांधून,” तो म्हणाला. “आधीचेही चांगलेच असतील म्हणा.”

“चांगलेच होते, काका,” दुकानदार हळूच म्हणाला.

वाटेत दोघं दुधाच्या किमतीबद्दल आणि शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल बोलले. घरी आल्यावर त्याने स्वतःच वायरी जोडल्या, डिस्क पुसली. ती स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. तिला खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर त्याची खुर्ची स्पीकरसमोरून हललेली, तिच्या खुर्चीच्या अगदी समोर. तिच्या डोक्यावरचा दिवाही त्याने लावून ठेवला होता.

“ये, बस,” तो म्हणाला. “आणि मान खाली घालू नकोस.”

ती ओल्या हातांनीच बसली.