ठिणगी माझी, चिंधी तुमची

मी चकमक, गारगोटीवर मारून ठिणगी पाडायचं पोलाद. ज्या माणसांत मी राहते, ती बीव्हर नावाचे केसाळ पाणप्राणी कातड्यासाठी पकडायला डोंगरातल्या गार ओढ्यांमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात आणि बाहेर आल्यावर सगळ्यात आधी मला शोधतात. त्यामुळे माझ्यात थोडा ताठा आहे. तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका मोडक्या कानशीतून झाला. नदीकाठच्या किल्ल्यातल्या लोहाराने ती तापवली, ठोकली, चार बोटं आत जातील अशी वळवली आणि लालभडक असतानाच पाण्यात बुडवली. मी चर्र करून ओरडले. मग त्याने मला गारगोटीवर ओढून पाहिलं. पाच ठिणग्या पडल्या. "ही चालेल," तो म्हणाला. एवढंच माझं बारसं.

लोकांना वाटतं, ठिणगी गारगोटीतून निघते. गारगोटीलाही तसंच वाटतं आणि मी तिला वाटू देते. खरं म्हणजे तिची धार माझ्या अंगाची बारीकशी साल काढते आणि ती सालच पेटून उडते. प्रत्येक ठिणगीबरोबर मी थोडी कमी होते. त्याचं मला दुःख नाही. चाकूसुद्धा झिजतो, पण त्याच्या झिजण्याने कुणाला ऊब मिळत नाही.

माझा पहिला मालक ओनेझीम. आडवा, मोठ्या आवाजाचा माणूस. सापळे लावण्यात त्याचा हात धरणारं त्या डोंगरात कुणी नव्हतं. त्याच्या कमरेच्या कातडी पिशवीत मी, गारगोटी आणि एक पत्र्याची डबी अशा तिघी राहत होतो. डबीत काळ्या चिंध्या असत. त्या त्याची बायको जोझेत बनवायची. जुन्या सदऱ्याचे तुकडे डबीत घालून ती डबी निखाऱ्यात ठेवायची, झाकणाच्या भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायची. अशा चिंधीवर माझी एक ठिणगी पडली, की लाल ठिपका हळूहळू पसरत जातो.

जोझेतचा एक नियम होता. डबी उघडायची ती फक्त चूल पेटवायला. चिलीम पेटवायची असेल तर चुलीतला निखारा घ्यायचा.

ओनेझीम मान डोलवायचा आणि वाटेत घोडं थांबलं की हळूच डबी उघडायचा.

"दाजी, ताई बघतेय बरं का," जोझेतचा धाकटा भाऊ इझिदोर म्हणायचा. तो उंच, सडपातळ आणि सतत थट्टेच्या मूडमध्ये असायचा.

"तुझी ताई पुढे बघून चालते, मेव्हण्या. म्हणून तर आपण वाट चुकत नाही."

त्या वर्षी ओढ्याच्या कडेला बर्फ धरू लागला होता. दुपारची वेळ होती. ओनेझीमने काठावर सापळा लावला. जवळच्या लाकडी कुपीत काडी बुडवून ती सापळ्यावर रोवली. कुपीत बीव्हरच्या गंधपिशवीतला तेलकट अर्क असतो. त्याच्या वासावर दुसरे बीव्हर येतात. मग त्याला चिलमीची तल्लफ आली. घाईघाईत त्याने कुपीचं बूच नुसतंच टेकवलं, डबी उघडली, चिलीम पेटवली आणि सगळं एकाच पिशवीत कोंबलं.

चालता चालता बूच निघालं. डबीच्या झाकणाच्या भोकातून तो चिकट अर्क थेंब थेंब आत जात होता. मी शेजारीच होते. सगळं बघत होते, पण मला हाक मारता येत नाही. मला फक्त ठिणगी टाकता येते.

थोड्या वेळाने इझिदोर पुढच्या सापळ्यापाशी उतरला. सापळ्यात बीव्हर सापडला होता आणि साखळी ओढत खोल पाण्याकडे निघाला होता. इझिदोर त्याच्यामागे बर्फाच्या काठावर गेला. काठ मोडला आणि तो गळ्यापर्यंत आत गेला.

ओनेझीमने त्याला काठीने बाहेर ओढलं. तोवर वारा सुटला होता. इझिदोरचे कपडे पत्र्यासारखे कडक झाले. जोझेतने ते सुरीने कापून काढले, त्याला रानरेड्याच्या कातड्यात गुंडाळलं आणि स्वतः त्याच्या पाठीला चिकटून बसली.

"दाजी, आता चिलीम पेटवा," इझिदोर दात वाजवत म्हणाला. "मी ताईला सांगत नाही."

ओनेझीमने डबी उघडली. वास आला आणि त्याचा चेहरा पडला. चिंध्यांचा तपकिरी गोळा झाला होता.

त्याने मला गारगोटीवर मारलं. मी ठिणग्या दिल्या. दहा दिल्या, वीस दिल्या. त्या गोळ्यावर पडून विझल्या. मग त्याने ओल्या गवतावर बंदुकीची दारू ओतून तिच्यावर ठिणगी टाकली. भपकन जाळ झाला, त्याच्या भुवया जळाल्या आणि गवत जसं होतं तसंच राहिलं.

"काय झालं?" जोझेतने विचारलं.

"चिंध्या... चिंध्या गेल्या."

तिने इझिदोरच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे दात वाजायचे थांबले होते. काकडणाऱ्या माणसाचे दात थांबले, की घाबरायचं असतं. तिला ते ठाऊक होतं. मलाही होतं.

"इझिदोर, बोल काहीतरी."

"झोपू दे ना, ताई."

"अजिबात नाही. अहो, इथे बसा. याला मिठी मारा, आणि झोपला तर चक्क थोबाडीत मारा. ती चकमक आणि गारगोटी द्या इकडे."

ओनेझीमचा हात क्षणभर थांबला. त्याने मला आजवर कुणाच्या हातात दिलं नव्हतं. मग त्याने दिलं.

जोझेत धावत सुटली. ओढ्याच्या वळणावर वीज पडून अर्धं जळालेलं एक झाड उभं होतं. त्याच्या ढोलीत बर्फ शिरला नव्हता. आत लाकूड कुजून मऊ झालेलं, आणि त्याचा वरचा थर जळून काळा झालेला. तिने बोट लावून पाहिलं. कोरडा होता. सुरीने तिने त्याचा मूठभर भुगा खरवडला. ढोलीच्या कोपऱ्यात उंदरांचं घरटं होतं, वाळलेल्या गवताचं आणि केसांचं. तेही तिने घेतलं.

"माफ करा बाबांनो," ती उंदरांना म्हणाली. घरटं रिकामं होतं, तरी म्हणाली.

तिथेच आडोशाला बसून तिने मला मारलं. पहिल्या वेळी तिच्या बोटांची सालटी निघाली. दुसऱ्या वेळी ठिणगी बाजूला पडली. तिसऱ्या वेळी मी माझं जे काही चांगलं होतं ते दिलं. काळ्या भुग्यात एक लाल टाचणीचं डोकं दिसलं. ते मोठं झालं. तिने ते घरट्यात ठेवलं आणि इतक्या हळू फुंकलं, की जणू कुणाला झोपेतून उठवतेय. धूर आला, आणि मग जाळ.

ढोलीतच तिने लाकडं रचली. ओनेझीमने मेव्हण्याला पाठीवर घालून तिथे आणलं. त्याच्या थोबाडीत दोन बसलेल्या होत्या, हे गालांवरून कळत होतं.

तासाभराने इझिदोरचे दात पुन्हा वाजू लागले. तो आवाज ऐकून जोझेत पहिल्यांदा रडली.

"मेव्हण्या," ओनेझीम जाळाकडे बघत म्हणाला, "कुपीचं बूच मीच सैल ठेवलं होतं."

"वासावरून कळलं, दाजी. मला वाटलं, आता डबीवर बीव्हर येणार."

कुणी हसलं नाही. मग जोझेतच हसली. ओनेझीमने पिशवी कमरेची सोडली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "माझ्याकडे मागू नकोस आता, आणि मला देऊही नकोस," एवढंच तो म्हणाला.

इझिदोरच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. बाकी तो सगळा वाचला.

वसंतात तो दुसऱ्या टोळीबरोबर उत्तरेकडच्या नद्यांवर जायला निघाला. जोझेतने मला त्याच्या गळ्यात बांधलं.

"ताई, मग तुझं काय?"

"उन्हाळ्याच्या बाजारात दुसरी घेईन. हिला तू माहीत आहेस."

तेव्हापासून मी इझिदोरकडे आहे. तो अजूनही दिवसभर थट्टा करतो. पण मुक्कामाला पोचला, की भर उन्हातसुद्धा आधी कोरडा भुगा शोधतो, डबी उघडून हुंगतो आणि मगच घोड्यावरचं ओझं उतरवतो. टोळीतले लोक त्याला म्हातारी म्हणतात. तो म्हणतो, "होय, आणि म्हातारी लंगडीसुद्धा आहे."

मी मधोमध खूप झिजले आहे. एखाद्या दिवशी माझे दोन तुकडे होतील. माझी काळजी करू नका, मी कधी कमी पडले नाही. तुम्ही मात्र तुमची चिंधी कोरडी ठेवा. ते काम मला तुमच्यासाठी करता येत नाही.

समोर ओढा आहे, पाऊस आणि बर्फ दोन्ही एकदम पडताहेत. टोळीतला एक जण नुकताच पाण्यातून बाहेर आलाय, त्याचे ओठ निळे पडलेत. इझिदोरने गळ्यापाशी हात नेला. येते मी. मला काम आहे.