घड्याळावरचा माऊस

ऑफिसात त्याला सगळे उचापती म्हणायचे, आणि ते नाव त्यानं घाम गाळून कमावलं होतं. चाळीस माणसांचा हॉल, भिंतीवर एकच घड्याळ. एकदा त्यानं ते वीस मिनिटं पुढं सरकवलं, तर अख्खा हॉल डबे घेऊन उठला. सगळ्यात पुढं सुपरवायझर बाई! शेजारच्या टेबलावर हेडमास्तर बसायचे. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण चुका काढायची खोड अशी की दुसरं नाव शोभलंच नसतं. त्यांच्या खुर्चीचा स्क्रू हा रोज सकाळी थोडासा सैल करून ठेवायचा. मास्तर दिवसभर तसूतसूनं खाली जायचे आणि पाच वाजेपर्यंत त्यांची हनुवटी टेबलाला टेकायची.

"गाढवा, पन्नाशी आली तुझी," मास्तर म्हणायचे.

"मास्तर, गाढवांचं वय विचारत नसतात."

काम साधंच. विम्याचे फॉर्म. पडद्याच्या डावीकडे माणसानं हातानं भरलेला फॉर्म, उजवीकडे तोच मशीननं वाचलेला. जुळलं तर 'बरोबर' दाबायचं, नाही जुळलं तर 'चूक'. दिवसाला चारशे.

मग एक दिवस कंपनीनं हॉल सोडला आणि प्रत्येकाच्या हातात कॉम्प्युटरचं खोकं दिलं. घरून करा म्हणाले. पहिले पंधरा दिवस स्वर्ग होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट, पाय खिडकीत. सोळाव्या दिवशी उचापतीच्या लक्षात आलं की खोडी काढायला समोर माणूस लागतो. घरी तर हा एकटाच. लग्न केलं नव्हतं, आईवडील कधीच गेलेले. तरी त्यानं प्रयत्न केला. स्वतःच्याच घरातलं घड्याळ अर्धा तास पुढं केलं, विसरायचा नेटानं प्रयत्न केला, अर्धा तास आधी जेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "कसं फसवलं!" भिंत काही हसली नाही. स्वतःला गुदगुल्या करून हसू आलेला माणूस अजून जन्मायचाय.

ह्याला चार वर्षं झाली. कार्ड विकणाऱ्या मुलींचे फोन यायचे ते हा सोडायचा नाही. त्यांच्या घरी कोण कोण, जेवण झालं का, पायात कुठल्या चपला, सगळं विचारायचा. शेवटी त्याच कंटाळून फोन ठेवायच्या. रविवारी ताईचा फोन यायचा. एकदा सोमवार ते शनिवार तोंडातून शब्दच निघाला नव्हता, रविवारी 'हॅलो' म्हणायला गेला तर नुसती खरखर.

"घसा बसलाय का रे?"

"वापरात नव्हता गं ताई. गंज चढलाय."

"लग्न नाही केलंस, निदान कुत्रं तरी पाळ."

"कुत्र्यानं काय पाप केलंय?"

ताई हसायची. आठवड्याचा तेवढाच गल्ला.

बाकीचे दिवस मास्तरांवर चालायचे. बरोबर दहाला मास्तरांचा मेसेज: 'सुप्रभात. आज चुका कमी कर.' मग हा दिवसभर चावटपणा पाठवायचा आणि मास्तर त्यातल्या चुका काढून परत पाठवायचे. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी लांबच्या शहरात. दोघांच्या घरात बसनं अर्ध्या तासाचं अंतर. चार वर्षांत 'येतो एकदा' हे दोघांनी मिळून शंभरदा म्हटलं असेल. गेलं कोणीच नाही. रोज बोलतोय की, मग जायचं कशाला?

आता त्या हिरव्या ठिपक्याचं सांगायला हवं. प्रत्येकाच्या नावापुढं एक ठिपका. माऊस हलत असेल तर हिरवा. सात मिनिटं हलला नाही की पिवळा. पिवळा झाला की सुपरवायझर बाईंचा फोन, आणि तीनदा पिवळा झालात तर अर्धी रजा कापली. किती फॉर्म तपासले ते बाई शुक्रवारी बघायच्या, ठिपका मात्र दिवसभर. उचापतीसारख्या माणसाला हे म्हणजे आमंत्रणच. आठ दिवसांत त्यानं तोड काढली. काट्यांचं घड्याळ उताणं ठेवायचं आणि त्याच्या काचेवर माऊस. खाली सेकंदकाटा फिरतो, माऊसला वाटतं आपणच फिरतोय, पडद्यावरचा बाण थरथरत राहतो. ठिपका हिरवागार! तुम्ही झोपा, अंघोळ करा, नाहीतर चंद्रावर जा.

मास्तरांना सांगितलं तेव्हा ते भडकले होते. "ही चोरी आहे." पण महिन्याभरानं त्यांचाच फोन आला, आवाज खाली. "ते घड्याळाचं कसं म्हणालास? अरे, ह्या वयात बाथरूमला गेलं की दहा-दहा मिनिटं लागतात. दोनदा पिवळा झालो. त्या बाईला कारण काय सांगू?"

उचापती इतका हसला की ठसका लागला. मग त्यानं नीट समजावलं. मास्तरांनी कपाटातून घड्याळ काढलं, नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून कंपनीनंच दिलेलं. तत्त्व मात्र सोडलं नाही. घड्याळ फक्त बाथरूमपुरतं. दुपारी एक वाजता कॉम्प्युटर रीतसर बंद करून ते जेवायला उठायचे, ठिपका राखाडी व्हायचा, बरोबर पाऊण तास. "जेवण माझा हक्क आहे. हक्कासाठी मी फसवणार नाही."

तर, त्या सोमवारी उचापतीला खाज सुटली. त्यानं आपलं नाव बदलून 'मुख्य कार्यालय' केलं आणि मास्तरांना मेसेज टाकला: 'निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या कर्मचाऱ्यांनी प्रकृती ठीक असल्याचं दाखवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पाच मिनिटं कवायत करावी.' मास्तरांनी केली. चष्मा काढून, बनियनवर, हात वर, हात खाली, गुडघे कटाकट वाजवत. कॅमेऱ्याकडे बघून शेवटी 'थँक यू सर'सुद्धा म्हणाले. इकडे हा हसून हसून जमिनीवर लोळला. कितीतरी महिन्यांनी खरं हसू आलं होतं. मग त्यानं आपला कॅमेरा चालू केला.

मास्तर ओरडले नाहीत. चष्मा घातला, तो वाकडा बसला.

"मला वाटलं काढतायत मला," ते म्हणाले. "रात्रभर झोप आली नसती." मग थोडं थांबून, "तुला हसायला माणूस लागतो रे. बोलायला नाही लागत." आणि पडदा काळा.

मंगळवारी दहाला सुप्रभात आलं नाही. ठिपका मात्र हिरवा. 'मास्तर, रुसलात होय?' ह्यानं पाठवलं. उत्तर नाही. 'मास्तर, मुख्य कार्यालयानं कवायत रद्द केलीय.' नाही. माफी मागायची त्याला सवयच नव्हती, त्यामुळं त्याची माफी चुटक्यांच्या वेषात निघायची. एकामागून एक पाठवत राहिला. मुद्दाम चुका घालून पाठवल्या, म्हणजे मास्तरांना राहवणार नाही. मास्तरांना राहवलं.

बुधवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर ठिपका आधीच हिरवा. बघा, म्हणजे लवकर येऊन बसलेत आणि माझ्याशी अबोला. ह्याला आधी हसू आलं, मग राग. दुपारी चारच्या सुमाराला त्यानं एका दमात सात चुटके पाठवले, शेवटी लिहिलं: 'बसा फुगून, मलाही कामं आहेत.' कामं कसली, कपाळ! संध्याकाळी राहवलं नाही म्हणून फोन केला. वाजून वाजून बंद झाला. घर एकदम चार खोल्यांइतकं मोठं वाटायला लागलं; तसं ते दीड खोलीचंच होतं. त्या माणसाची एक ओळ रोज सकाळी यायची, तिच्यावर आपण उभे होतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. ती ओळ परत मिळवायला हवी होती. बाकी जगाचं काहीही होवो.

गुरुवारी त्यानं ठरवलं, सरळ माफी मागायची. कामाच्या वेळेत नको, परत तत्त्व आडवं येईल. एकला मास्तर जेवायला उठतात, ठिपका राखाडी झाला की फोन लावायचा. वाक्यही पाठ केलं: 'मास्तर, चुकलो.' दोनच शब्द, पण जीभ अडखळत होती.

एक वाजला. हिरवा.

एक वाजून पाच. हिरवा.

पंधरा मिनिटं झाली, हिरवाच. उचापती हातात फोन धरून ठिपक्याकडे बघत बसला. जेवायला उठले नाहीत? मास्तर? तत्त्वाचा माणूस एक वाजता हिरवा?

आणि मग त्याला कळलं. मास्तर हिरवे नव्हतेच. हिरवं ते घड्याळ होतं. आणि घड्याळ फक्त बाथरूमपुरतं.

पायात एक चप्पल एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या, असा तो बसमध्ये चढला. पत्ता विचारत जिना शोधला. तिसरा मजला, दार आतून बंद. बेल वाजवली, दार बडवलं. समोरच्या दारातून एक बाई डोकावली.

"कोण हवंय?"

"इथले काका... कधी बघितलंत त्यांना?"

"घरीच असतात की. दिवे चालू दिसतात." मग ती घुटमळली. "परवा ठोकठोक ऐकू येत होती. मला वाटलं, नळाचं काम काढलंय."

उचापतीनं फोन काढला आणि मास्तरांना एक मेसेज पाठवला. अक्षर एकच. आतून आवाज आला: टिंग. तो दाराला कान लावून उभा राहिला. टिंगच्या मागून, खूप आतून, खूप हळू, प्लास्टिकचा मग फरशीवर आपटल्यासारखं काहीतरी वाजलं. टक.

कुलूपवाला येईपर्यंतची वीस मिनिटं तो एकच अक्षर पाठवत होता. टिंग. टक. टिंग. टक. शेवटी शेवटी टक उशिरा यायला लागलं.

मास्तर बाथरूमच्या दारात आडवे होते, एक पाय माणसाचा पाय जसा वळू नये तसा वळलेला. पाण्याची अर्धी बादली हाताच्या अंतरावर होती म्हणून जगले, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मंगळवारी सकाळी दहाच्या आधी पडले होते. आज गुरुवार, दुपारचे दोन वाजून गेलेले. ह्याला बघून त्यांनी डोळे मिटले.

अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना खाली नेलं. "कार्डं, कागदं काय असतील ती घेऊन मागून या," म्हणाले. उचापती कागद शोधत टेबलापाशी आला. कॉम्प्युटर चालू. कंपनीचं घड्याळ उताणं, त्यावर माऊस, काटा आपला गोल गोल. पडद्यावर मास्तरांचं नाव, पुढं ठिपका. बाजूला ह्याचेच मेसेज, एकाखाली एक, न उघडलेले. त्यानं माऊस उचलून बाजूला ठेवला. कपाटातली पाकिटं सापडेपर्यंत ठिपका पिवळा झाला, आणि टेबलावर चार्जिंगला लावलेला फोन वाजला. ह्यानं उचलला.

"सर, पिवळे दिसताय," सुपरवायझर बाई. "सगळं ठीक ना?"

घड्याळाचा काटा अजून फिरत होता.

"सर? हॅलो? तीन दिवस किती छान होतात तुम्ही. एकदासुद्धा पिवळे नाही."

त्यानं फोन ठेवला.

मास्तर शुद्धीवर येऊन बोलायला लागले ते शनिवारी. खुब्याचं हाड गेलं होतं, किडन्यांवर ताण आलेला. चालणं आता अवघड, असं डॉक्टर त्यांच्या मुलीला बाहेर सांगत होता. बरे होतील तितके झाले की ती त्यांना तिकडे घेऊन जाणार होती. उचापती पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. दोन शब्द गुरुवारपासून तोंडात होते.

"मास्तर, चुकलो."

मास्तर छताकडे बघत होते. "ऐकू येत होते मला."

"काय?"

"तुझे टिंग. सगळे." आवाज कागदासारखा पातळ झाला होता. "पहिल्या दिवशी बरं वाटायचं. वाटायचं, आता येईल हा. टिंग वाजलं की वाटायचं, आता कळलं असेल. मग कळायचं, अजून विनोदच चाललेत. बुधवारी एकदम सात टिंग वाजले. मला वाटलं, आता निघाला. त्यानंतर एकदा फोन वाजला, मग काहीच नाही."

उचापतीनं खाली बघितलं. चपला अजून दोन रंगांच्याच होत्या. मास्तरांचंही लक्ष तिकडे गेलं असावं, पण चूक काढली नाही त्यांनी. ते जास्त लागलं.

"हिरवा दिसत होतो ना?" मास्तर म्हणाले.

"हो."

"वाटलंच."

बाहेर कोणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"बोल काहीतरी," मास्तर म्हणाले.

ह्यानं तोंड उघडलं. सवयीनं आत एक चुटका तयार झाला होता.

"विनोद नको."

तोंड बंद झालं. विनोद काढून घेतल्यावर आपल्याकडे बोलायला काही आहे का, हे त्यानं कधी तपासलंच नव्हतं. माळ्यावरचं खोकं खाली काढावं आणि रिकामं निघावं, तसं झालं.

"सकाळी सहाला जाग आली," तो शेवटी म्हणाला. "येते रोजच. उठत नाही लगेच. उठून करायचं काय?"

"मग?"

"मग पडून राहतो. शेजारच्यांचा नळ सुटतो, तो ऐकतो. ती माणसं भांडतात जरा, ते ऐकतो. बरं वाटतं."

"मग?"

"मग दहा वाजायची वाट बघतो."

मास्तरांनी डोळे मिटले. पांघरूण छातीवर वर जात होतं, खाली येत होतं, एका लयीत. उचापती सांगत राहिला. पण दर दोन वाक्यांनी थांबायचा. पांघरूण हलताना दिसत होतं, पण हलणाऱ्या गोष्टीवरचा त्याचा विश्वास उडाला होता. तो थांबायचा, वाकायचा, आणि मास्तर पुन्हा "मग?" म्हणेपर्यंत पुढचं वाक्य काढायचा नाही.