गिळलेली टेप

मी कॉलेजचा टेपरेकॉर्डर बोलतोय. खरं तर बोलणं माझं काम नव्हे. दुसऱ्यांनी बोललेलं त्यांनाच परत ऐकवायचं, एवढंच मी बावीस वर्षं केलं. त्यात इतका दमलोय, की स्वतःचं सांगायलाही आता जड जातं. तरी सांगतो.

माझा जन्म जपानातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. मला तो आठवत नाही. आठवतं ते प्रशांत महासागरातल्या किरिबाटी देशातलं हे बेट, दोन खोल्यांचं कॉलेज आणि इंग्रजी व संभाषणाचा वर्ग. कामोरिकी सरांनी मला खोक्यातून काढलं, स्वच्छ पुसलं आणि मुलांना म्हणाले, "हा खोटं बोलत नाही. तुम्ही जसं बोलाल तसंच ऐकवेल."

मग सुरू झालं 'शिप' आणि 'शीप'. एक जहाज, एक मेंढी. या बेटावर मेंढी कुणी कधी पाहिलेली नाही, पण माझ्या पोटातून ती हजारो वेळा गेली असेल. माणसं सगळ्यांशी हसून बोलतात, पण स्वतःचा आवाज ऐकला की तोंड लपवतात, हे मला तेव्हाच कळलं. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले, रबरी पट्टा सैल पडला. सर स्पिरिटच्या कापसाने माझं टेप वाचणारं हेड पुसायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं चल, बाबा."

त्या थकल्या दिवसांत नेई काएवा, म्हणजे काएवाबाई, वर्गात आली. वय अडतीस. दवाखान्यात म्हाताऱ्या परिचारिकेच्या हाताखाली ती वीस वर्षं राबत होती. निम्म्या बेटाची बाळंतपणं तिच्या हातची. म्हातारी नाताळात निवृत्त होणार होती. काएवाला राजधानी तरावाच्या परिचर्या शाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दवाखान्याला कुलूप. आणि त्या शाळेच्या दारात उभी होती इंग्रजी संभाषणाची परीक्षा. दोनदा ती नापास झाली होती.

एकोणीस वर्षांची तारेमा तिला चिडवायची. "मावशी, तू बाळाला इंग्रजीतच बाहेर बोलावणार का?"

"तुला मीच बाहेर ओढलंय," काएवा म्हणायची. "तेव्हाही अशीच केकाटत होतीस. व्याकरण तेव्हाही नव्हतं."

तिसरी परीक्षा मंगळवारी सकाळी झाली. सरांनी बोलणं टेप करायचं, पाकीट बंद करायचं आणि दुपारच्या विमानाने तरावाला धाडायचं, अशी पद्धत होती. सरांनी विषय वाचला: 'तुमच्या हातून झालेली एक चूक.'

सरांनी माझं बटण दाबलं. मी फिरत राहिलो. मग ती बोलू लागली. एका बाळंतिणीबद्दल, एका औषधाच्या बाटलीबद्दल आणि त्या बाटलीवरच्या, तिला न वाचता आलेल्या इंग्रजी ओळीबद्दल. नऊ मिनिटं ती एकदाही अडखळली नाही. क्रियापदं चुकली, पण ती थांबली नाही. हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सर खिडकीबाहेर बघत बसले.

मग त्यांनी ऐकून बघायला टेप मागे फिरवली, आणि माझा पट्टा निसटला. मी ती टेप गिळली. सरांनी झाकण उघडलं तेव्हा तपकिरी फितीचा गुंता बाहेर आला, मधोमध तुटलेला. बावीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नाही.

"काएवा, अगं... गेलं सगळं," सर म्हणाले. "विमानाला अजून वेळ आहे. पट्टा बसवतो. पुन्हा सांग."

"नाही सर."

"मग दुसरी एखादी बारीक चूक सांग. भात करपला वगैरे. परीक्षकाला काय कळतंय?"

"भात रोज करपतो, सर. ती माझी चूक नव्हे, आमच्या चुलीची आहे," ती म्हणाली. हसली नाही. "लावा दुसरी टेप."

सरांनी पट्टा बसवला आणि मी जीव मुठीत धरून फिरू लागलो. या वेळी ती दोनच मिनिटं बोलली, थेट त्या न पाहिलेल्या परीक्षकाशी, मोडक्या इंग्रजीत. "साहेब, आज सकाळी मी माझी चूक सांगितली. मशीनने ती खाल्ली. मशीन म्हातारं आहे, त्याला दोष देऊ नका. ती बाई आता नाही. तिचं नाव मी मार्कांसाठी दुसऱ्यांदा घेणार नाही. खोटी चूकही सांगणार नाही. तुम्हाला माझं इंग्रजी ऐकायचं असेल तर बोलवा. मी समोर बसून उत्तरं देईन. पण नाताळच्या आत बोलवा. इथे चार जणींना दिवस गेलेत."

सरांनी पाकीट बंद केलं आणि सायकलवरून धावपट्टीकडे गेले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. समोर येण्याची गरज नाही, असं त्यात होतं. सरांनी ते दोनदा वाचलं. काएवा म्हणाली, "म्हणजे पास की नापास? सरळ सांगा ना!" "पास!" सर म्हणाले, आणि तारेमा तिच्या गळ्यात पडून रडली.

काएवा शिकायला गेली तेव्हा दवाखाना बंद पडलाच. मधली तीन वर्षं बायकांना होडीने शेजारच्या बेटावर न्यावं लागलं. त्यातली एक पोहोचली नाही. परत आल्यावर काएवा आधी त्या न पोहोचलेल्या बाईच्या आईच्या घरी जाऊन खाली मान घालून बसली, मग तिने दवाखान्याचं कुलूप काढलं.

सर आता नाहीत. वर्गात संगणक आलेत आणि मी कपाटात आहे. रिळं फिरत नाहीत, बटणं दाबली जात नाहीत. सरांनी जपून ठेवलेला तो फितीचा गुंता तारेमाने, आता ती इथली शिक्षिका आहे, काएवाच्या हातात दिला होता. तिने तो कुठे ठेवला, मी विचारलं नाही.

शुक्रवारी काएवा इथे येते आणि औषधांच्या बाटल्या मांडून मुलांना त्यांवरच्या ओळी वाचायला शिकवते. तिची क्रियापदं अजून चुकतात. मला ऐकू येतात, सवयच आहे. पण पोरं बरोबर हवी तीच बाटली उचलतात. कपाट बंद करताना दार जरा किलकिलं ठेवा, एवढीच माझी विनंती. निदान शुक्रवारी.