बाळंतिणीची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. माझे खूर बाभळीचे, वीण अंबाडीच्या दोरीची. मोहोळजवळच्या एका सुताराने मला घडवलं आणि अक्कम्माच्या लग्नात मी सोलापुरात आले. घर म्हणजे चाळीतली एक खोली. पण माझी कधी कुणाला अडचण झाली नाही. माझ्याखाली ट्रंका मावत, वर माणसं. उन्हाळ्यात मला अंगणात टाकून माझ्यावर पापड वाळवत, तेही मी निमूट सोसलं.

१९७४ साली अक्कम्माचा मुलगा चन्नवीर गिरणीत लागला आणि त्याने नायलॉनच्या पट्ट्यांची कॉट आणली. निळी-पांढरी, चकचकीत, घडी होणारी.

तो आईला म्हणाला, "अव्वा, घर एवढंसं हाय, तितं जरा शोभेचं नको का? ही बाज लई गावठी दिसतीय की."

मला मोरीमागे टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या, उंदरांनी दोरी कुरतडली. मला राग आला, खोटं कशाला सांगू?

वर्षभरात सून दाक्षायणी बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. लेकीला घेऊन ती दवाखान्यातून आली, त्याच दिवशी अक्कम्माने शेजारच्या रुद्रप्पाला हाक मारली.

"ती बाज फोडून दे की. बाळंतिणीचं पाणी तापवायला लाकूड न्हाय."

रुद्रप्पा कुऱ्हाड घेऊन आला. त्याने मला आडवं पाडलं, खुरावर पाय ठेवला. मी फार घाबरले.

तेवढ्यात खोलीतून घाणेरडा, काळा धूर आला. झालं होतं असं, की बाजेखाली ठेवतात तशीच अक्कम्माने सवयीने कॉटखाली शेक द्यायला शेगडी सरकवली होती. पण नायलॉन आच कुठली सोसणार? पट्ट्या वितळल्या आणि कॉट मधेच खचली. दाक्षायणी बाळाला छातीशी धरून कशीबशी खाली उतरली. दोघींना काही झालं नाही.

"रुद्रप्पा, थांब रे! फोडू नको!" अक्कम्मा खोलीतूनच ओरडली.

माझी दोरी तर कुजलेली. मग चन्नवीरने गिरणीत मागाखाली पडणारं टाकाऊ रंगीत सूत मागून आणलं. रुद्रप्पाने त्याला पीळ घालून दोऱ्या वळल्या आणि दोघांनी मिळून मला विणलं. लाल-हिरवी चौकडी उमटली.

"अव्वा, ही तर कॉटपरीस देखणी हाय की!" दाक्षायणी म्हणाली. चन्नवीर मान खाली घालून दोरी ताणत राहिला.

निखाऱ्यांवर राख पसरून शेगडी माझ्याखाली आली. ऊब विणीतून वर गेली आणि मायलेकी झोपल्या.

मित्रांनो, लहान घरात देखणं सामान जरूर असावं. फक्त नवं आणण्याआधी घरातल्या जुन्याला एकदा नीट करून बघा. मला फोडायला रुद्रप्पाला घटकाभर वेळ पुरला असता. आणि ती मुलगी पहिल्यांदा कुशीवर वळली, ती माझ्याच अंगावर.