चार नंबरची नळी

टेक्निशियनने ट्रेमधल्या रक्ताच्या सगळ्या नळ्या पुन्हा एकदा चाळून पाहिल्या. चार नंबरच्या खाटेची नळी नव्हती.

गेले आठ दिवस ती रोज सकाळी न चुकता यायची. खाटेवरचा माणूस रोपवाटिकेतला माळी; गुलाबांवर फवारणी करता करता कोसळलेला. कीटकनाशक अंगात भिनलं की रक्तातलं एक एन्झाइम घसरतं, आणि ते किती घसरलं यावरून जिवावर कितपत बेतलंय ते कळतं. धडधाकट माणसाचं पाच हजारांच्या वर असतं. माळ्याचं पहिल्या दिवशी चारशे दहा होतं.

तळघरातल्या लॅबमध्ये बोलायला दुसरं होतं तरी कोण? टेक्निशियन नळीशीच बोलायचा. “काय राव, आज किती?” सहाशे. नऊशे. चौदाशे झाले त्या दिवशी त्याने दोन कप चहा मागवला आणि दोन्ही स्वतःच प्यायला. काल सव्वीसशे होते.

आणि आज नळीच नाही. अशी मधेच नळी यायची थांबली की काय समजायचं, ते वीस वर्षांत त्याला पाठ झालं होतं. त्याने फोन उचलला, परत ठेवला. शेवटी राहवेना, तसा जिना चढला. वॉर्डात तो वर्षानुवर्षं फिरकला नव्हता.

चार नंबरच्या खाटेवर एक म्हातारा दाराकडे बघत बसला होता. अंगात धुतलेला शर्ट, पायाशी पिशवी; खाटेच्या पाटीवर नळीवरचंच नाव. टेक्निशियनने चौकटीला हात टेकून श्वास सोडला.

“आलात का एकदाचे!” सिस्टर कडाडली. “सकाळपासून यांना सोडायचंय आणि न्यायला कुणाचा पत्ता नाही. आठ दिवसांत कुणी डोकावलं नाही हो! सही लागते. तुम्ही यांचे कोण?”

“मी खालचा. लॅबमधला.” त्याला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

“म्हणजे माझं रक्त तुम्ही बघायचात?” म्हाताऱ्याने विचारलं. “आज किती भरलं?”

“आज घेतलंच नाही. बरे झालात तुम्ही. आता रोज लागत नाही.”

“असं होय.” म्हाताऱ्याने बाहीचं बटण काढलं आणि हात पुढे केला. “घ्या की मग. तेवढाच वेळ जाईल.”

कोपराच्या आत सुयांचे निळे डाग होते. टेक्निशियनने बाही हळूच खाली ओढली, बटण लावून दिलं.

“सिस्टर,” तो म्हणाला, “सही कुठे करायची?”