माझ्या पोटातली हाक

हॅलो, हॅलो... येतोय ना आवाज? आजवर सगळे हे मला विचारत आले. तोंड अगदी जवळ आणून, फुंकर मारून, टिचक्या मारून. आज पहिल्यांदा मी विचारतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या. मी एक टेपरेकॉर्डर. तळहाताहून थोडा मोठा, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, झाकण नीट बसत नाही म्हणून रबरबँड लावलेला. मला डोळे नाहीत. कान मात्र असे की शेजारच्या खोलीत कोणी सुस्कारा सोडला तरी सुटत नाही. त्यामुळे माझ्या आयुष्यात चेहरे नाहीत, नुसते आवाज आहेत. आणि खरं सांगू? माझं काही अडलं नाही.

जन्म कारखान्यातला. एका लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडलं. शेवटच्या बाईने मला तोंडाशी धरून "एक, दोन, तीन" म्हटलं, मी तेच तिला परत ऐकवलं. ती म्हणाली, "गुणी आहेस रे," आणि मला खोक्यात कोंबलं. आयुष्यातलं पहिलं कौतुक, आणि लगेच अंधार!

दुकानाच्या कपाटात बरेच दिवस काढल्यावर एक बाई आल्या. दुकानदाराला म्हणाल्या, "भावाला हवाय. तो अंधारात लिहितो. एका ओळीवर दुसरी ओळ, तिच्यावर तिसरी. घरी आला की स्वतःचंच अक्षर त्याला लागत नाही, मग माझ्यामागे लागतो, ताई, वाचून दे ना! मी काय जादूगार आहे?"

हा अंधारात लिहिणारा भाऊ म्हणजे चित्रपटांचा समीक्षक. दर शुक्रवारी नवा चित्रपट लागला की पहिल्या खेळाला हा हजर. बाकी आठवडाभर वर्तमानपत्राच्या कचेरीत कोणाच्या दृष्टीला पडायचा नाही, म्हणून तिथे त्याचं नावच शुक्रवार पडलं होतं. पुढे पुढे तर ताईसुद्धा आतून ओरडायची, "शुक्रवार, पान गार होतंय!" मी त्याच्या कोटाच्या खिशात राहिलो, त्याच्या छातीची धडधड ऐकत, तेव्हा त्याला अहोजाहो करणं मला जमायचं नाही.

त्याच्या खिशातून मी शेकडो चित्रपट ऐकले. चित्रपट कसा आहे हे मला त्याच्याआधी कळायचं. चांगला असला की थिएटरात कोणी खोकत नाही. वाईट असला की बघता बघता सगळ्या गावाला सर्दी होते.

शुक्रवारची एक रीत होती. खेळ सुटला की माझ्याशी बोलल्याशिवाय तो कोणाशीही बोलायचा नाही. बाहेर निर्मात्याची माणसं टपलेली असायची. "कसा वाटला? कसा वाटला?" हा हातानेच थांबा थांबा करत जिन्याखाली शिरायचा. तिथे पोस्टरं चिकटवायच्या खळीच्या बादल्या ठेवलेल्या असत. त्यांच्या शेजारी उभा राहून मला बाहेर काढायचा, कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे फिरवायचा आणि गेल्या आठवड्याच्या मतावर या आठवड्याचं मत भरायचा. ताई विचारायची, "अरे, जुनं पुसून का टाकतोस?" तर म्हणायचा, "गेल्या शुक्रवारचं मत या शुक्रवारी कोणाला हवंय?"

चित्रपट आवडला की तो कॅसेटची बाजू संपेपर्यंत बोलायचा. एखादी म्हातारी नुसती दार उघडून आत येते, तर तिने कडी कशी धरली यावर इतका वेळ बोलायचा की मलाच दम लागायचा. आणि नाही आवडला तर चार वाक्यं. शेवटी ठरलेलं, "झालं, संपलं," आणि बटण बंद. घरी परीक्षण लिहायला बसला की मला ऐकत लिहायचा, आणि "संपलं" कानावर पडताच अंगठा बटणावर. पुढे काय आहे हे त्याने कधी ऐकलं नाही. पुढे असायचंच काय म्हणा! अशी ही शुक्रवारची निळ्या चिठ्ठीची कॅसेट. मुलाखतींसाठी वेगळी, पांढऱ्या चिठ्ठीची.

आता पत्र्यामामांविषयी सांगतो. ते नट. तरुणपणी त्यांनी एका विज्ञानपटात यंत्रमानवाचं काम केलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत पत्रा. चित्रपट धो धो चालला, गल्लीगल्लीतली पोरं डोक्यावर डबे घालून फिरू लागली आणि यांचं नाव पत्र्यामामा पडलं ते कायमचं. पण गंमत बघा, त्या पत्र्याच्या आतून बोललं की आवाज घुमायचा, म्हणून चित्रपटात दुसऱ्याच माणसाचा आवाज यंत्रातून काढून लावला होता. मग कुठल्याही विज्ञानपटात यंत्रमानव म्हणा, परग्रहावरचा प्राणी म्हणा, बोलावणं यांनाच. दरवेळी मुखवटा यांचा आणि आवाज दुसऱ्याचा. एवढं नाव झालं, पण पडद्यावर यांचा चेहरा नाही की आवाज नाही.

मुलाखत द्यायला ते कायम नाही म्हणायचे. शुक्रवार फोन करून करून थकला होता. "मला कोण ओळखतंय? त्या पत्र्याची मुलाखत घ्या, माळ्यावर पडलाय," असं त्यांचं उत्तर. आणि एक दिवस त्यांनी आपणहून फोन केला. "या शुक्रवारी सकाळी येता का? पुढच्या आठवड्यात मला सवड नाही. आणि ते टेपचं यंत्र घेऊन या बरं का. नुसतं कागद-पेन नको."

आम्ही गेलो. मामांचा आवाज जरा खरखरीत होता, पण काय आवाज! ऊन पडलेल्या अंगणासारखा ऐसपैस. गप्पा सुरू झाल्या न झाल्या तोच ते म्हणाले, "चालू आहे ना ते? नीट बघा."

"चालू आहे मामा, चाक फिरतंय."

थोड्या वेळाने पुन्हा, "अजून चालू आहे ना?" आणि पुन्हा. शुक्रवार हसून "हो हो" म्हणत राहिला, पण मनातून वैतागला होता. त्याचं बोट माझ्या पाठीवर वाजायला लागलं की मला कळतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या आवाजाचं विचारतंय, तर हौस आहे. मी गपगुमान सगळं पोटात घेत राहिलो.

तिथून शुक्रवार धावतपळत थिएटरला गेला. नवा विज्ञानपट लागला होता. पहिल्यापासून जी खोकल्याची साथ सुरू झाली ती शेवटपर्यंत. खेळ सुटला, जिन्याखाली गेलो आणि तिथे घात झाला. पांढरी कॅसेट माझ्या पोटातच होती. घाईघाईत बदलायची राहून गेली. त्याने नेहमीच्या सवयीने ती मागे फिरवली. मामांचा आवाज माझ्या पोटात उलटा पळायला लागला. त्या क्षणी मला वाचा असती ना, तर मी असा बोंबललो असतो की खळीच्या बादल्या उलथ्या पडल्या असत्या. पण दुसऱ्याने बोललेलंच बोलणारी माझी जात. त्याने लाल बटण दाबलं आणि तो बोलू लागला.

त्याला पत्ताच नव्हता. घरी परीक्षण लिहिलं, छापून आलं. मुलाखत सवडीने लिहू म्हणून राहिली. पुढच्या गुरुवारी दुपारी दाराची घंटा वाजली. ताई खिडकीशी विणत बसली होती, तिने दार उघडलं. मामी आल्या होत्या, पत्र्यामामांच्या पत्नी.

"बसत नाही," म्हणाल्या आणि बसल्या. "यांचं सोमवारी ऑपरेशन झालं. घशात गाठ होती. स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, देवाची कृपा. पण आता आवाज नाही. परत येणारही नाही."

शुक्रवार म्हणाला, "अहो, मला काही बोलले नाहीत ते!"

"कोणाला बोलले? दवाखान्यात निघताना मला म्हणाले, माझा आवाज शुक्रवारांकडे ठेवलाय, जाऊन घेऊन ये." मामींनी खुर्ची पुढे ओढली. "घरात कधी काही भरून ठेवलं नाही हो. रोज कानावर पडतं ते कोण भरून ठेवतं? सिनेमात म्हणाल तर सगळे दुसऱ्याचे आवाज. तुमच्याकडे आहे तेवढाच. मला एकदा ऐकवता?"

"एकदा काय, कॅसेटच घेऊन जा," म्हणत शुक्रवार उठला, टेबलाचा खण उघडला, आणि तसाच उभा राहिला. खणात निळ्या चिठ्ठीची कॅसेट होती, पांढरी माझ्या पोटात. मग त्याने मला उचललं आणि झाकण उघडलं. इतक्या घाईने, की माझा रबरबँड तुटून उडाला.

"मामी," तो कसाबसा म्हणाला, "मी... मी त्याच्यावर शुक्रवारचं परीक्षण भरलं."

मामींच्या खुर्चीचा कडकन आवाज झाला, पण त्या उठल्या नव्हत्या, त्यांनी फक्त खुर्चीचे हात घट्ट धरले होते. ताईच्या सुया थांबल्या. एवढी शांतता मी कुठल्या चांगल्या चित्रपटातही ऐकली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. माझी चूक नव्हती, पण पुसलं तर मीच होतं ना.

मग ताई म्हणाली, "चित्रपट कसा होता?"

"ताई, ही वेळ आहे का?"

"अरे, कसा होता ते सांग!"

"भिकार. एकदम भिकार."

"मग किती बोलला असशील?"

शुक्रवारने झाकण लावलं, कॅसेट मागे फिरवली आणि बटण दाबलं. माझ्यातून त्याचाच आवाज यायला लागला. "पात्रं सगळी अवकाशात पोचली, गोष्ट तेवढी खालीच राहून गेली. नायक तीन ग्रह फिरतो आणि केसांचा भांग विस्कटत नाही. यंत्रमानवाला शेवटी रडू फुटतं, तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ घोरत होते, त्यांचा मला हेवा वाटला. एखाद्याला वेळ घालवायचाच असेल तर त्याने घरी झोपावं. झालं, संपलं."

सवयीने त्याचा अंगठा बटणावर आला. ताईने फाटकन त्याच्या हातावर मारलं. "पुढे जाऊ दे!"

खट् झालं. आणि मामा बोलले.

"...समोर बघतो तर सुतार! डबा उघडून जेवत बसलेला. दिग्दर्शक म्हणतो, तिथे राक्षस आहे, घाबरा. विज्ञानपटात असंच असतं हो, समोर काही नसतं आणि घाबरायचं असतं. मी त्या सुताराला इतका घाबरलो, इतका घाबरलो, की बिचाऱ्याने डबा बंद केला!"

मामींना हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ हुंदका. त्यांनी पदर तोंडाशी धरला असावा, कारण तो हुंदका मला अर्धाच ऐकू आला.

शुक्रवार म्हणाला, "सुरुवात गेली मामी. लहानपण, पहिलं काम, सगळं गेलं."

"जाऊ द्या हो. ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तेच सांगायचे. मला तोंडपाठ आहे. तुम्ही गप्प बसा, मला ऐकू द्या."

माझ्यातला शुक्रवार विचारत होता, "मामा, मुखवट्याच्या आत तुम्ही खरंच रडायचात म्हणे. दिसणार कोणाला?"

"खांदे दिसतात की! माणूस रडला, हसला की खांदे सांगतात. चेहरा झाका, आवाज काढून घ्या, खांदे राहतात."

"आणि पुढे खरोखरच यंत्रं माणसासारखी बोलायला लागतील, असं वाटतं तुम्हाला?"

"बोलतील. भाषणंसुद्धा ठोकतील. पण हाक मारणार नाहीत. हाक मारायला घरात आपलं माणूस असावं लागतं. यंत्राचं कोण आहे घरात? थांबा, दाखवतोच तुम्हाला." आणि मामांनी तोंड वळवून, घसा खाकरून, सगळा आवाज लावून हाक दिली. "अगं ए! ऐकतेस का? चहा टाक बाई, पाहुणे कधीचे ताटकळलेत!"

"टाकलाय कधीच! आले!" ही आतल्या खोलीतून मामी.

त्या दिवशी शुक्रवारच्या घरी मामींनी ती हाक किती वेळा ऐकली, मी मोजलं नाही. शेवटी ताईने सुईचं टोक घालून कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही बारक्या पट्ट्या मोडून टाकल्या. तसं केलं की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. "आता कोणी कितीही शहाणपणा केला तरी पुसायचं नाही," ती म्हणाली, भावाकडे बघून म्हणाली असणार. शुक्रवारने मला नवा रबरबँड लावला आणि मामींच्या हातात दिलं. "यालाही घेऊन जा मामी. तुमच्याकडे वाजवायला काही नाही. मी दुसरा घेईन." निरोप देताना त्याने माझ्या पाठीवर बोट वाजवलं. या वेळी वैतागाने नाही.

तेव्हापासून मी इथे, मामांच्या वेताच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर आहे. आता माझ्यासारखे कोणी बनवत नाही म्हणतात. एका बाजूने माझा आवाज चिरकतो, थंडीत चाक अडतं. शुक्रवार अधूनमधून येतो, नव्या चित्रपटांची मतं मामांना तोंडीच ऐकवतो, आणि भिकार चित्रपटावर आता पुष्कळ बोलतो. खुर्चीचा वेत कुरकुरायला लागला की मी ओळखतो, मामांचे खांदे हलताहेत.

पण रोजचं माझं काम एकच. दुपारी मामी स्वयंपाकघरात असतात, मामा माझ्यावर अंगठा ठेवतात आणि मी हाक मारतो. टेपवरच्या मामींनी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातल्या मामी ओरडतात, "टाकलाय हो, टाकलाय! दम धरा जरा!" लगेच अंगठा मला थांबवतो. टेपवरच्या मामींचं उत्तर आता कोणाला लागत नाही.

मामा म्हणाले होते, यंत्र हाक मारणार नाही. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. मला घरात माणूस मिळालं, एवढंच सांगतो. तुमच्याकडे एवढंच मागणं, कधी इथे आलात तर माझ्या बॅटऱ्या कशालाही म्हणून काढून नेऊ नका. आणि तुमच्या घरात जो आवाज रोज कानावर पडतो, तो आजच्या आज भरून ठेवा.

कुरकुर झाली बघा खुर्चीची. अंगठा आला. आता तुम्ही जरा गप्प बसा, मला हाक मारायचीय.